दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चार ओळी

मावशींनी मला चार ओळी लिहून द्यायला सांगितल्या, तेव्हा ते दहा मिनिटांचं काम वाटलं होतं.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. मूळच्या वसईच्या, कॅथलिक, चाळीसेक वर्षांपूर्वी नर्स म्हणून सिडनीला आलेल्या. रिटायर झाल्यावर आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरात छोटं घर घेऊन एकट्या राहायच्या. केमिस्टकडे फ्लूच्या लशीच्या रांगेत उभी असताना मी आईशी फोनवर बोलत होते, ते ऐकून त्यांनी मागून विचारलं, "पुण्याची का गं?" तेव्हापासून रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की त्या माझ्याकडे चहाला यायला लागल्या. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, तेही बहुतेक घरूनच, त्यामुळे आठवडाभर घरच्यांखेरीज मराठीत बोलायला मला त्याच.

अशाच एका रविवारी त्यांनी पर्समधून एक स्टिकर काढून टेबलावर ठेवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. इंग्रजी, हिंदी, नेपाळी आणि आणखी एका भाषेतला मजकूर आणि खाली एक मोबाइल नंबर.

"याचं मराठी करून दे."

"कुठे लावायचंय हे?"

"बायकांच्या टॉयलेटमध्ये. शॉपिंग सेंटरच्या. दाराच्या आतल्या बाजूला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जिला कोणी कुठे एकटं सोडत नाही ना, ती बाईसुद्धा तिथे एकटी असते. दोन मिनिटं. तेवढीच आपल्याला मिळतात."

मग हळूहळू कळलं की मावशींसारख्या आठ-दहा बायकांचा एक गट आहे. ज्या बायकांना कामाला म्हणून परदेशातून आणतात आणि घरात डांबून ठेवतात, त्यांच्यापर्यंत पोचायचं आणि त्यांना बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. मी विचारलं, "म्हणजे गुलाम? इथे? ऑस्ट्रेलियात?" मावशींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "मी इमर्जन्सीमध्ये असताना एक बाई आली होती. हात भाजलेला. सोबत एक मॅडम. मी विचारलं की उत्तर मॅडमच देणार. नाव काय, मॅडम. दुखतंय का, मॅडम. मला कळलं होतं गं. पण बाहेर पेशंट्सची रांग लागली होती. मी ड्रेसिंग केलं आणि तिला जाऊ दिलं." मग म्हणाल्या, "ती कुठे गेली असेल, हे मी रिटायर होईपर्यंत रोज मनात धरून होते."

त्याच संध्याकाळी मी लिहायला बसले. लिहिलं, 'आपण आधुनिक गुलामगिरीच्या बळी आहात का? मदतीसाठी खालील क्रमांकावर संपर्क साधावा.' मावशींनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला.

"ही सरकारी नोटीस झाली. संडासात बसून कोण बाई स्वतःला बळी म्हणेल? ती मनातल्या मनात काय म्हणत असेल, ते लिही."

ते शोधायला मला तीन आठवडे लागले, कारण त्यासाठी मला तिच्या जागी जावं लागत होतं आणि तिथे जाताना मध्ये माझ्या काकूंचा कोथरूडचा फ्लॅट येत होता. काकूंकडे एक बाई होत्या. स्वयंपाकघरात झोपायच्या, सणाला सगळ्यांच्या नंतर जेवायच्या. आम्ही त्यांना घरातल्याच समजायचो, निदान तसं म्हणायचो तरी. इतक्या वर्षांत त्या कधी चार दिवस सुट्टीवर गेल्याचं मला आठवत नाही. त्यांचं आडनाव काय होतं, हे आईला फोन करून विचारलं. आईलाही माहीत नव्हतं.

शेवटी चार ओळी झाल्या. 'तुमचा पासपोर्ट दुसऱ्या कोणी ठेवून घेतलाय का? तुम्हाला एकटीला बाहेर जाऊ देत नाहीत का? त्यात तुमची काही चूक नाही. या नंबरवर आम्ही मराठीत बोलतो.'

स्टिकर लावायला मी आणि मावशी एकत्रच जायचो. एका सेंटरमध्ये मावशी वरच्या मजल्यावर गेल्या होत्या आणि मी दार उघडं ठेवूनच स्टिकर चिकटवत होते, तेवढ्यात मागे सफाईची ट्रॉली येऊन थांबली. साठीची एक काळीसावळी बाई. मी चोरासारखी उभी राहिले. तिने पुढे होऊन इंग्रजी ओळ वाचली आणि म्हणाली, "तिथे नको, लव्ह. तिथे आम्हाला रोज पुसायला लावतात. वर लाव, कडीच्या वर." मग जाता जाता, अगदी सहज, "माझ्या पणजीला पॅसिफिकमधल्या बेटावरून पळवून आणलं होतं. क्वीन्सलँडला, उसाच्या मळ्यात." आणि ट्रॉली ढकलत ती पुढच्या बाथरूममध्ये गेली.

गाडीत बसल्यावर मी मावशींना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "साखरेचा इतिहास असाच आहे सगळा. पण दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या बायकांना मत द्यायचा हक्कसुद्धा नव्हता, तेव्हा त्या दारोदार जाऊन सांगायच्या, गुलामांनी पिकवलेली साखर घरात आणू नका. हजारो घरांत बिनसाखरेचा चहा सुरू झाला. पुरुष पार्लमेंटमध्ये हळूहळू, टप्प्याटप्प्याने म्हणत बसले होते आणि या बायका म्हणत होत्या, आत्ता, लगेच." सिग्नल सुटला तरी मी गाडी काढली नाही. मागच्याने हॉर्न दिला. मला एवढंच कळत होतं की टॉयलेटच्या दारावर स्टिकर लावण्याच्या कामाची लाज वाटायचं आता कारण नाही.

फोन आला तो चार महिन्यांनी. मंगळवार, सकाळचे अकरा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मावशींचा फोन आला, उचलला, तर त्या फक्त म्हणाल्या, "मराठी आहे. मी तुला जोडून देते."

आधी नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला. मग एक दबलेला आवाज. "ते दारावर लिहिलंय, ते तुम्ही का?"

"हो. मीच."

"मराठीत बोलतो असं लिहिलंय, म्हणून केला. हिंदीतलं पण वाचलं होतं आधी. पण मला वाटलं, हिंदी म्हणजे त्यांचेच कोणीतरी असतील."

माझ्या तोंडावर 'पोलीस' हा शब्द आला होता. तेवढ्यात मावशी मध्ये म्हणाल्या, "तिला विचार, तिला काय हवंय. आपल्याला काय हवंय ते नको."

मी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

पाणी पडत राहिलं. मग ती म्हणाली, "असं कोणी विचारलंच नाही, ताई. जरा विचार करून सांगते." आणि फोन बंद झाला.

पुढचे दोन दिवस मी काय काम केलं ते मला आठवत नाही. परत फोन करायचा नाही, असा गटाचा नियम होता. फोन कोणाच्या हातात असेल, सांगता येत नाही. गुरुवारी तिचाच फोन आला. आवाज तोच, पण बोलणं ठरलेलं. "मला बाहेर यायचंय. उद्या दहाला. त्या वेळी आजींखेरीज घरात कोणी नसतं. त्यांना अंघोळ घालून निघते." पत्ता तिने एका पाकिटावरून एकेक अक्षर करत वाचला. त्या घरातल्या मुलांच्या खेळातल्या अक्षरांवरून ती इंग्रजी अक्षरं शिकली होती. मी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. तो पत्ता माझ्या घरापासून सहा गल्ल्यांवरचा होता. पुढे लिंबाचं झाड असलेलं घर. मी रोज संध्याकाळी त्याच्यावरून चालायला जात होते.

ते कुटुंब मूळचं कुठलं, हे मी सांगणार नाही. सांगितलं की वाचणारा 'ते लोक तसलेच' असं म्हणून मोकळा होतो. एवढं सांगते की दोघंही शिकलेले होते, चांगल्या नोकऱ्यांवर होते, आणि दोन मुलं व अंथरुणाला खिळलेली आजी यांच्यासाठी त्यांनी तिला अंबरनाथजवळून आणलं होतं. तिथे ती एका खाणावळीत स्वयंपाक करायची. विधवा, बारावीतली एक मुलगी. मुलीशी आठवड्यातून एकदा फोन, तोही मॅडमसमोर. पासपोर्ट कपाटात, कुलपात. अडीच वर्षं.

शुक्रवारी सकाळी आम्ही मावशींच्या गाडीत रस्त्याच्या पलीकडे थांबलो. जुलैची थंडी होती, काचा आतून धुरकट झाल्या होत्या. मावशी जपमाळेचे मणी ओढत होत्या. दहा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. सुती पंजाबी ड्रेस, वर पुरुषी स्वेटर, पायात घरातल्या स्लिपर, हातात एक प्लास्टिकची पिशवी. दार तिने तसंच उघडं ठेवलं. फुटपाथपर्यंत आली, उभी राहिली, दोन्हीकडे पाहिलं, आणि आमच्या उलट दिशेने चालायला लागली.

मी काच खाली घ्यायला गेले. मावशींनी माझा हात धरला. "हाक मारू नकोस. येईल."

ती कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे क्षणभर थांबली. मग वळली आणि सरळ, न घाबरता, आमच्या गाडीकडे आली. पुढे कधीतरी मी तिला याबद्दल विचारलं. म्हणाली, "कोणी अडवतंय का, ते बघत होते. अडवलं नाही कोणी. मग म्हटलं, आता जाऊ या."

गाडीत बसल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे. "आजींची गोळी दीडला असते. त्यांचा मुलगा एकला जेवायला घरी येतो, पण तो विसरतो. कोणी तरी फोन करून त्याला आठवण करा."

मावशींनी गाडी सुरू केली खरी, पण रस्ता दिसेना म्हणून पुढच्या वळणावर परत थांबवली आणि डोळे पुसले.

गटातल्या बायकांनी तिची सोय आधीच करून ठेवली होती. एक सुरक्षित घर, एक वकीलबाई, एक डॉक्टर. पोलिसांकडे जायचं की नाही, हे ठरवायला तिला वेळ दिला होता. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः म्हणाली, "जाऊ." पासपोर्ट मग पोलिसांनीच आणून दिला.

तो नंबर तिच्यापर्यंत कसा पोचला, हे त्या दिवसांत तिने मला सांगितलं. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. दर शनिवारी ते तिला मुलांचं सामान उचलायला शॉपिंग सेंटरमध्ये न्यायचे. टॉयलेटला गेली की मॅडम बाहेर उभी. पेन नाही, कागद नाही, आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला की दारावर टकटक. पहिल्या शनिवारी तिने फक्त ओळी वाचल्या. दुसऱ्या शनिवारी पहिले चार आकडे पाठ केले. आठवडाभर पोळ्या लाटताना ते मनात म्हणत राहिली. एका पोळीला एक आकडा. तिसऱ्या शनिवारी पुढचे तीन. मग मुलाला ताप आला, बाहेर जाणं झालं नाही. तिला खात्री वाटायला लागली की एव्हाना कोणीतरी तो कागद काढून टाकला असेल. पुढच्या वेळी गेली तर खरंच अर्धा फाटला होता. वरच्या ओळी गेल्या होत्या. पण खालचा कोपरा शिल्लक होता आणि त्यावर शेवटचे तीन आकडे होते.

"आणि फोन?" मी विचारलं.

"आजींचा. त्यांच्या उशाशी असायचा, बहिणीशी बोलायला. मी त्यांना म्हटलं, एक मराठी बाई आहे, तिच्याशी बोलायचंय. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. फोन हातात दिला आणि म्हणाल्या, 'मेरे सामने मत करना. मैं पूछूँगी नहीं.' आणि भिंतीकडे तोंड केलं." तिने मटाराची शेंग मोडली. "निघायच्या दिवशी पाया पडले त्यांच्या. म्हणाल्या, दरवाज़ा खुला छोड़ के जाना."

मी आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली आहेत. पेटंट घेतलेली, मोठ्या स्टेजवरून बोलणारी. पण दहा आकड्यांसाठी चार आठवडे श्वास रोखून धरणारं, आणि सुटतानासुद्धा दुसऱ्याच्या गोळीची वेळ लक्षात ठेवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. समोर मटाराचं भांडं होतं म्हणून बरं, नाहीतर कुठे बघावं ते मला कळलं नसतं.

तिच्यामुळे मी दुभाष्याची परीक्षा दिली. या कामाचा पहिला नियम असा की 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. ती 'मी' म्हणाली की आपणही 'मी' म्हणायचं. कोर्टात तिची साक्ष चार दिवस चालली. तिथे दुभाषी कोर्टाचा होता, मी नुसती मागे बसायचे. समोरच्या वकिलाने तिला तेच तेच सतरा वेळा विचारलं आणि सतरा वेळा तिने तेच सांगितलं, एकही शब्द न वाढवता. त्या नवरा-बायकोला कोर्टाने दोषी ठरवलं. त्या दिवशी ती आनंदाने नाचली वगैरे नाही. तिने आजींचं काय होणार, एवढं विचारलं. त्यांची सोय नर्सिंग होममध्ये झाली होती.

त्यानंतर खासदारांच्या एका समितीपुढे, अशा कामगार बायकांबद्दल बोलायला तिला कॅनबेराला बोलावलं. या वेळी ती म्हणाली, दुभाषी म्हणून हीच हवी. आम्ही तिघी तिथल्या गुंगालिन उपनगरात मावशींच्या भाचीकडे उतरलो. सकाळी अंगणातलं गवत हिमाने पांढरं झालं होतं. तिने वाकून बोट लावून बघितलं, "मीठ टाकल्यासारखं दिसतंय," म्हणाली. लाइट रेलच्या ट्राममध्ये सरकारी ऑफिसात जाणारी माणसं कॉफीचे कप धरून उभी होती. ती खिडकीशी बसली. मला वाटलं, घाबरली असेल. तर म्हणाली, "तू एवढी गप्प का? पोट दुखतंय का?" मला 'तू' म्हणायला तिने नेमकं कधी सुरू केलं ते आठवत नाही. पण मला ते फार आवडलं होतं.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, पाण्याचे ग्लास होते. प्रश्न सभ्य होते. शेवटी एका वयस्क खासदारांनी, खरंच समजून घ्यायचं म्हणून, विचारलं, "घराच्या दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, असं इथे लिहिलंय. मग तुम्ही निघून का गेला नाहीत?"

हा प्रश्न मराठीत करताना मला लाज वाटली. पण केला. तिने पाण्याचा घोट घेतला.

"साहेब, दार उघडंच होतं. पण दाराबाहेर काय आहे, ते मला त्यांनीच सांगितलं होतं. पोलीस धरतील, तुरुंगात टाकतील, मुलीला कळणारसुद्धा नाही. या देशात मी दुसरं कोणी माणूस ओळखत नव्हते." ती थांबली. मी भाषांतर केलं. ती पुढे म्हणाली, "अडीच वर्षांत त्या घरी पाहुणे आले. कुरिअरवाला आला, गॅसवाला आला. मुलांच्या वाढदिवसाला तीस-चाळीस माणसं आली. सगळ्यांना मी पाणी दिलं. मी का गेले नाही, ते मला विचारता. त्यांनी का नाही विचारलं, ते त्यांना विचारा."

मी इंग्रजीत सुरुवात केली. "मी सगळ्यांना पाणी दिलं," इथपर्यंत आले आणि अडले. अशा वाढदिवसांना मीही जाते. कोणीतरी समोर ट्रे धरतं, मी ग्लास उचलते, थँक्यू म्हणते आणि बोलणं पुढे चालू ठेवते. ट्रे धरणारीचा चेहरा मला एकदाही आठवत नाही. टेबलाखाली तिने माझ्या कोपराला हात लावला. दाबला नाही, नुसता ठेवला. तिच्याच वाक्याला तिनेच मला आधार दिला आणि मी ते वाक्य पुरं केलं. खोलीत कोणी काही लिहून घेत नव्हतं. ते खासदार खाली बघत होते. मग ते म्हणाले, "धन्यवाद. मी प्रश्न चुकीचा विचारला."

मी हे लिहू का, असं तिला विचारलं होतं. म्हणाली, "लिही. नाव नको, बाकी सगळं लिही." ती आता एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला आहे, तिथली म्हातारी माणसं तिच्या हातच्या सूपसाठी भांडतात. मुलगी भारतातच नर्सिंग शिकते आहे आणि रोज अर्धा तास फोनवर आईचं डोकं खाते.

गेल्या महिन्यात सिडनीतल्या हॅरिस पार्कला, एका मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत, नव्याने आलेल्या बायकांसाठी गटाने एक बैठक ठेवली होती. ती बोलायला उभी राहिली. हिंदी, मराठी, मध्येच तिचं स्वतःचं इंग्रजी, "नो वरीज, मेरे को भी नहीं आता था," असं. कोणत्या कागदावर सही करायची नाही, आपला पासपोर्ट आपल्याच पर्समध्ये का ठेवायचा, कोणी दम दिला तर 'माझा पासपोर्ट माझ्याकडेच राहील' हे कसं म्हणायचं. एका तरुण मुलीला उभं करून तिने ते तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. मुलगी पुटपुटली. "ऐकू नाही आलं," ती म्हणाली. मुलगी पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा सगळी खोली म्हणाली. मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या, गुडघे दुखतात म्हणून पाय पुढे पसरून. मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते; आज तिला दुभाषी लागत नव्हता आणि मला काहीही करायचं नव्हतं. बैठक संपली, खालून चहा आला, तरी कोणी उठलं नाही.